वाणिज्य-व्यवस्थापनाच्या वर्गात व्यामिश्र विचार कसा रुजवावा: गोव्यातील नव्या प्राध्यापकांसाठी मार्गदर्शन

गोव्यातील महाविद्यालयात वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकवण्यासाठी नव्याने रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. मग आपली नेमणूक कायम पदावर असो वा तासिका तत्त्वावर. पहिल्याच सत्रात एक गोष्ट ध्यानात येते. वर्गातल्या मुलांना विपणनाचे घटक तोंडपाठ असतात, ताळेबंदही जुळवता येतो. पण 'विक्री दरवर्षी वाढते आहे, तरी दुकानदाराच्या हाती पैसा उरत नाही, असे का होत असावे?' असे विचारले की वर्ग गप्प होतो. कारण उधारीत असू शकते, वाढत्या साठ्यात असू शकते, सवलती देऊन फुगवलेल्या विक्रीत असू शकते किंवा घरच्या लग्नासाठी धंद्यातून काढलेल्या रकमेत असू शकते, आणि बहुतेक वेळा यांतली दोन-तीन कारणे एकमेकांत अडकलेली असतात. अशी कारणे सुटी करणे, त्यांचे परस्परसंबंध लावणे, पुरावा पारखणे आणि माहिती अपुरी असतानाही निर्णय घेऊन त्याची कारणे देता येणे, याला या लेखात व्यामिश्र विचार म्हटले आहे.

हा विचार स्वतंत्र प्रकरण म्हणून शिकवता येत नाही, असे माझे मत आहे. 'चिकित्सक विचाराची वैशिष्ट्ये' या नावाच्या स्लाइड मुले उतरवून घेतात आणि परीक्षेत जशाच्या तशा लिहितात. ज्याला गुण मिळतात त्याचाच विद्यार्थी सराव करतात, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. म्हणून आधी प्रश्न आणि गुणदान बदलावे, व्याख्यान नंतर बदलले तरी चालते. पुढच्या पायऱ्या याच समजुतीने मांडल्या आहेत.

सुरू करण्याआधी जवळ असावे असे

- आपल्या विषयाच्या अभ्यासक्रमाची मंजूर प्रत आणि त्यातील अध्ययन-निष्पत्तींचे, म्हणजे विषय शिकून विद्यार्थ्याला काय जमायला हवे याचे, पान
- मागच्या तीन-चार वर्षांच्या सत्रान्त प्रश्नपत्रिका
- गोवा सरकारचा आर्थिक पाहणी अहवाल आणि अर्थसंकल्पाची कागदपत्रे
- एखाद्या सहकारी संस्थेचा किंवा सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल, शक्यतो लागोपाठच्या दोन वर्षांचा
- स्थानिक मराठी व इंग्रजी वर्तमानपत्रांची कात्रणे, तारखेसह
- मोठे चार्ट पेपर, दोन रंगांचे मार्कर, कोऱ्या चिठ्ठ्या आणि पाचशे-सहाशे चिंचोके (यांचा उपयोग पाचव्या पायरीत येईल)
- विभागप्रमुखांची लेखी संमती. अंतर्गत परीक्षेचे स्वरूप बदलायचे असेल तर ही सर्वांत आधी

## १. अभ्यासक्रमाची चौकट नीट वाचून घ्यावी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार गोवा विद्यापीठाने २०२३-२४ पासून चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम लागू केला. चार क्रेडिटच्या विषयाला साधारण साठ तास मिळतात. सण, क्रीडास्पर्धा, महाविद्यालयाचा वार्षिक महोत्सव आणि परीक्षा वजा जाता हातात किती उरतात हे सत्राच्या सुरुवातीलाच कागदावर मांडावे. सगळेच तास नव्या पद्धतीने घ्यायचा मोह होतो, तो आवरावा. साठांपैकी दहा-बारा तास नीट आखून या कामाला दिले तरी पुष्कळ झाले. बाकीच्या तासांत पाठ्यांश पूर्ण होऊ द्यावा, नाहीतर फेब्रुवारीत विद्यार्थी आणि विभागप्रमुख दोघेही तोंडे फिरवतात.

आपल्याला खरी मोकळीक मिळते ती सत्रांतर्गत परीक्षेत, म्हणजे ज्याला सगळे आयएसए म्हणतात त्यात. सत्रान्त प्रश्नपत्रिका आपल्या एकट्याच्या हातात नसते. आयएसए बऱ्याच अंशी असते.

इथे एक फसगत ठरलेली आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह १९५६ मध्ये मांडलेली आणि त्यांच्या पश्चात २००१ मध्ये इतरांनी सुधारलेली पायऱ्यांची उतरंड आता बहुतेक अभ्यासक्रमांत दिसते: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. त्यामुळे प्रश्नाच्या शेवटी 'विश्लेषण करा' असे क्रियापद लावले की प्रश्न वरच्या पायरीवर गेला, असे समजले जाते. मात्र पाठ्यपुस्तकातले एक पान उतरवून त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळत असतील, तर तो स्मरणाचाच प्रश्न आहे. स्वतःच्या जुन्या प्रश्नपत्रिका या एका कसोटीवर तपासून पाहाव्यात. काम किती आहे याचा अंदाज लगेच येतो.

## २. वर्ग कुठे उभा आहे ते पाहावे

दुसऱ्या आठवड्यात, गुण न देता, एकच प्रश्न लिहायला द्यावा. उदाहरणार्थ: '१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते आणि मासळी महागते. मग या दोन महिन्यांत मासळीच्या धंद्यातल्या लोकांचे भले होते की नुकसान?' मासळीचा भाव गोव्यात कोणालाच परका नाही, त्यामुळे 'माहिती नव्हती' ही सबब राहत नाही.

उत्तरे साधारण तीन ढिगांत पडतात. पहिल्या ढिगात एकच कारण असते: पुरवठा घटला, भाव चढला, म्हणून फायदा. दुसऱ्यात यादी असते: पाऊस, बाहेरून येणारी मासळी, हॉटेले, बर्फाचा खर्च, बोटीचे हप्ते, सगळे बरोबर, पण एकापुढे एक नुसते मांडलेले. तिसऱ्या ढिगातला विद्यार्थी या गोष्टी जोडतो. तो लिहितो की भाव चढताच पूर्व किनाऱ्यावरून ट्रकने मासळी येऊ लागते, त्यामुळे भाव एका मर्यादेपलीकडे जात नाही. चढ्या भावाचा लाभ ज्याच्याकडे विकायला मासळी आहे त्यालाच, म्हणजे व्यापाऱ्याला आणि लहान होडीवाल्याला मिळतो. ट्रॉलरमालकाची बोट मात्र धक्क्याला उभी असते आणि हप्ता चालूच राहतो. एखादी चलाख मुलगी पुढे जाऊन असेही सुचवते की बंदी उठते तेव्हा अनेक हिंदू घरांत श्रावण सुरू असतो किंवा तोंडावर आलेला असतो, म्हणजे पुरवठा वाढायला आणि एका वर्गाची मागणी घटायला एकच वेळ गाठ पडते. ही मुलगी तुमच्या वर्गात बहुधा एकटीच असेल.

ही विभागणी माझ्या कल्पनेतली नाही. जॉन बिग्ज आणि केव्हिन कॉलिस यांनी १९८२ मध्ये उत्तरांची रचना तपासण्याची जी पद्धत दिली, तिच्यात एक घटक, अनेक सुटे घटक, परस्परांशी जोडलेले घटक आणि त्यापलीकडे नव्या परिस्थितीला लावलेले तत्त्व अशाच पायऱ्या आहेत. ब्लूमच्या उतरंडीपेक्षा ही पद्धत मला तपासणीच्या कामी अधिक उपयोगी वाटते, कारण ती प्रश्नाकडे न पाहता विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय लिहिले त्याकडे पाहते. वर्गातले बहुतेक जण दुसऱ्या ढिगात असणार हे गृहीत धरावे. यादीपासून जोडणीपर्यंत त्यांना नेणे हेच सत्राचे मुख्य काम आहे.

## ३. प्रश्न निवडताना लहानापासून सुरुवात करावी

परदेशी विमान कंपन्या आणि कॉफीच्या साखळ्यांवरचे तयार केस-अभ्यास इंटरनेटवर ढिगाने मिळतात. त्यांची उत्तरेही तिथेच मिळतात. शिवाय फोंडा, पेडणे, सत्तरीतून येणाऱ्या मुलाला त्या कंपनीविषयी स्वतःचे असे काहीच ठाऊक नसते, म्हणून तो छापील मजकुरालाच शरण जातो. गोव्यातला प्रश्न घेतला की त्याच्या हाती वाद घालायला काहीतरी असते.

पहिला प्रश्न जत्रेतल्या खाजेवाल्याचा घ्यावा. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन आहे, पण प्रश्न साधा आहे: उद्याच्या जत्रेसाठी किती माल करावा? पुस्तकी रीतीने मुले मागणीचा अंदाज, उत्पादनखर्च आणि उरलेल्या मालाचा तोटा मांडतात. मग विचारावे, 'उरलेला माल खरेच वाया जातो का?' खाजे काही दिवस टिकते आणि चार दिवसांनी दुसऱ्या गावी जत्रा असते. म्हणजे एका जत्रेचा हिशेब पुढच्या जत्रेला जोडलेला आहे, आणि हंगामातल्या शेवटच्या जत्रेचा हिशेब बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. त्यात भर म्हणून शेजारच्या दुकानाचा माल संपला तर काय, गूळ महागला तर भाव वाढवावा की पुडी लहान करावी, पुडी लहान केली तर नेहमीचे गिऱ्हाईक काय म्हणेल, असे प्रश्न मुले आपणहून काढतात. एका तासात एवढे पुरे.

मोठा प्रश्न सत्राच्या मध्यावर द्यावा, आणि माझ्या मते गोव्यात त्यासाठी खाणींच्या इतिहासासारखे दुसरे साहित्य नाही. प्रश्न असा: 'साल २०१० आहे. तुम्ही डिचोली तालुक्यातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहात. खनिज वाहतुकीसाठी ट्रक घ्यायला एका सभासदाने कर्ज मागितले आहे. तुम्ही ते मंजूर कराल का, आणि कोणत्या अटींवर?' पतसंस्था व सभासद दोन्ही काल्पनिक ठेवावेत.

कागदपत्रे दोन हप्त्यांत द्यावीत. पहिल्या हप्त्यात २०१० पर्यंत माहीत असू शकणाऱ्याच गोष्टी असाव्यात: गोव्याचे लोहखनिज बहुतांशी कमी प्रतीचे, त्याचा मुख्य खरेदीदार चीन, मागच्या काही वर्षांत निर्यातीला आलेली तेजी, आणि खाणींविरुद्ध गावागावांतून उठणाऱ्या तक्रारी. त्यासोबत एका काल्पनिक ट्रकचा हिशेब जोडावा. हप्ता महिन्याला ३०,००० रुपये. डिझेल, चालक व देखभाल वजा जाता एका फेरीमागे ३०० रुपये उरतात. बहुतेक मुले तत्काळ सांगतात की महिन्याला १०० फेऱ्या झाल्या की हप्ता सुटतो, आणि सभासद तर १२५ फेऱ्या मिळतील म्हणतो, तेव्हा कर्ज द्यावे. इथे थांबून फक्त एवढेच विचारावे की पावसाळ्यात काय होते. वाहतूक वर्षातून आठ महिनेच चालते असे धरले, तर वर्षाच्या हप्त्यांसाठी लागणाऱ्या १,२०० फेऱ्या आठ महिन्यांत, म्हणजे महिन्याला १५० व्हायला हव्यात. १२५ प्रमाणे १,००० फेऱ्याच होतात आणि वर्षाअखेर हप्त्यांत ६०,००० रुपयांची तूट येते. फळ्यावर हा आकडा उतरला की वर्गातली हवा बदलते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे. हा ट्रक फायद्याचा आहे असे मानले, आणि असे दोनशे अर्ज आले, तर? प्रत्येक कर्ज वेगवेगळे तपासले तर ठीक दिसते. पण सगळ्यांचे उत्पन्न एकाच खनिजावर, एकाच खरेदीदार देशावर आणि एकाच सरकारी परवान्यावर उभे आहे. सुटे धोके आणि एकवटलेला धोका यांतला फरक बँकिंगच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपलेला असतो, इथे तो डोळ्यांसमोर उभा राहतो.

प्रत्येकाने निर्णय, अटी आणि 'कोणती खूण दिसली तर मी माझा निर्णय बदलेन' हे लिहून कागद जमा केल्यावरच दुसरा हप्ता उघडावा: सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. आता मुलांनी आपलाच कागद परत वाचून त्यात २०१० साली समजू शकत असलेले काय सुटले एवढेच शोधावे. 'खाणी बंद पडणारच होत्या' असे आज म्हणणे सोपे आहे, आणि ते कोणी लिहिले तर खुणेसह परत द्यावे. अटी घालून, खाणकर्जांच्या एकूण रकमेवर मर्यादा ठेवून कर्ज मंजूर करणाऱ्याचा विचार, नुसते 'नाही' म्हणणाऱ्यापेक्षा सरस असू शकतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावीच. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांतल्या वर्गात कोणाच्या तरी घरी तो ट्रक खरोखर होता, आणि कोणाच्या तरी शेतात खाणीची माती खरोखर उतरली होती. 'तुमच्या घरचा अनुभव सांगा' असे भर वर्गात विचारू नये. ज्याला बोलायचे असेल तो तासानंतर येऊन बोलतो.

## ४. कारणांची जोडणी कागदावर उतरवून घ्यावी

चर्चा रंगली म्हणजे विचार झाला असे नाही. प्रत्येक गटाला एक चार्ट पेपर द्यावा आणि नियम घालावा: चौकटीत फक्त असे शब्द लिहायचे जे वाढू किंवा घटू शकतात, जसे 'ट्रकांची संख्या', 'फेरीचा दर', 'थकीत कर्ज'. 'सरकार' किंवा 'भ्रष्टाचार' अशी चौकट चालणार नाही. एका चौकटीपासून दुसरीकडे बाण काढायचा, आणि पहिली वाढली असता दुसरी वाढते तर अधिक, घटते तर उणे असे चिन्ह द्यायचे. प्रत्येक बाण पूर्ण वाक्यात वाचून दाखवता आला पाहिजे: 'ट्रकांची संख्या वाढली की एका ट्रकाच्या वाट्याला येणाऱ्या फेऱ्या घटतात.' वाक्य होत नसेल तर बाण पुसावा.

मग जिथून निघालो तिथेच परत येणारी वर्तुळे शोधायला सांगावीत. तेजीत कमाई दिसते म्हणून ट्रक वाढतात, ट्रक वाढले की गॅरेज, पंप, भाड्याच्या खोल्या यांचा धंदा वाढतो, तो पाहून पतसंस्थेला धीर येतो आणि कर्ज आणखी सुलभ होते. हे एक वर्तुळ. ट्रक वाढल्याने फेऱ्या विभागल्या जातात आणि रस्त्यावरची धूळ-अपघात वाढून गावाचा विरोध तीव्र होतो. हे त्याला अडवणारे दुसरे. विलंब कुठे आहे तिथे बाणावर दोन आडव्या रेघा माराव्यात. विरोध वाढायला आणि न्यायालयाचा आदेश यायला वर्षे लागतात, कर्ज मिळायला आठवडा लागतो. सगळी गोम त्या दोन रेघांत आहे.

पहिल्या प्रयत्नात चार्टावर बाणांचे जाळे होते. तसे होऊ द्यावे, आणि पुढच्या तासाला तोच चार्ट सात चौकटींत बसवायला सांगावा. काय गाळायचे हे ठरवताना जो वाद होतो तो पहिल्या तासापेक्षा मोलाचा असतो.

## ५. चिंचोक्यांचा खेळ एकदा तरी खेळवावा

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांनी विकसित केलेल्या प्रणाली-गतिकीच्या, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी काळानुसार कशा बदलतात याच्या, अभ्यासातून एक खेळ निघाला, जो जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत बिअर गेम या नावाने खेळला जातो. वर्गात तो दुधाच्या किंवा सोड्याच्या खोक्यांचा म्हणून खेळवला तरी चालतो. चिंचोके हीच खोकी.

एका ओळीत चार जागा मांडाव्यात: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. एकेका जागी एक-दोन विद्यार्थी बसवावेत. दर आठवड्याला, म्हणजे खेळाच्या दर फेरीत, प्रत्येकाने खालून आलेली मागणी पुरवायची आणि वरच्याकडे स्वतःची मागणी चिठ्ठीवर लिहून पाठवायची. चिठ्ठी पोहोचायला दोन आठवडे आणि माल यायला दोन आठवडे लागतात. साठ्यात पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्याला आठवड्याला ५० पैसे खर्च, आणि पुरवता न आलेल्या प्रत्येक खोक्याला १ रुपया. आपापसांत बोलायला बंदी. गिऱ्हाइकाची मागणी फक्त दुकानदाराला दिसते, तीही पालथ्या ठेवलेल्या चिठ्ठ्यांतून एकेक आठवडा उघडत. या चिठ्ठ्या तुम्ही तयार करायच्या: पहिल्या चार आठवड्यांत ४, आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत ८. दुसरे काही नाही.

सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ खोकी असतात आणि सगळे निवांत असतात. मागणी ८ झाली की दुकानदाराचा साठा संपतो, तो घाबरून जास्त मागवतो, माल येत नाही म्हणून आणखी मागवतो. घाऊक व्यापारी त्याहून अधिक, कारखाना त्याहूनही अधिक. दहा-बारा फेऱ्यांनंतर वरून माल येऊ लागतो आणि कारखान्यापुढे चिंचोक्यांचा डोंगर साचतो. मुले एकमेकांवर खेकसतात; दुकानदार घाऊकवाल्याला, तो वितरकाला दोष देतो.

हिशेब करण्याआधी कारखानदारांना आणि वितरकांना एक काम सांगावे: गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलली असेल, त्याचा आलेख काढा. बहुतेक जण उंच लाटा काढतात. मग दुकानदाराच्या चिठ्ठ्या सुलट्या करून ओळीने मांडाव्यात. ४, ४, ४, ४, ८, ८, ८, ८. कोणीही मूर्खपणा केलेला नसताना, विलंब आणि अपुरी माहिती यांतून लाटा उठल्या, हे त्या क्षणी न सांगता समजते. यानंतर ट्रकांच्या चार्टावरच्या दोन आडव्या रेघांकडे परत जावे.

खेळाला दोन सलग तास हवेत. एका तासात तो कोंबला तर नुसती मजा होते आणि नंतरची चर्चा, जी खरी शिकवणी, ती राहून जाते. किती फेऱ्या होणार हे आधी सांगू नये, कारण शेवट जवळ आला असे कळले की मुले साठा रिकामा करू लागतात.

## ६. बाहेरची माहिती आणायला पाठवताना

बाजारात पाठवण्याआधी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर ओळखपत्र द्यावे, आणि दुकानदाराचे नाव अहवालात येणार नाही हे लिहून द्यावे. 'नफा किती होतो?' हा प्रश्न विचारायला बंदी करावी. त्याला खरे उत्तर कधीच मिळत नाही. त्याऐवजी 'मागच्या वर्षभरात कोणता माल ठेवणे बंद केलेत आणि का?' असे विचारावे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या प्रश्नाला मिळणारी उत्तरे पाठ्यपुस्तकाच्या अर्ध्या प्रकरणाला पुरतात: बेळगावहून येणाऱ्या भाजीचा भाव, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवरचा सवलतीचा दर, सुटे पैसे, मोबाइलवरून पैसे देणारे गिऱ्हाईक.

काजूच्या हंगामात फेणीच्या भट्टीवर नेण्याची कल्पना चांगली आहे. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा करात येत नाही, त्यावर राज्याचे अबकारी शुल्क लागते, हा धडा तिथे सहज निघतो. मात्र गोव्यात मद्यसेवनाचे वय २१ आहे आणि आपले बहुतेक विद्यार्थी त्याहून लहान असतात, तेव्हा पालकांची आणि प्राचार्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय बस ठरवू नये. परवानगीला अडचण असेल तर काजूबिया फोडण्याचा कारखाना पाहावा.

## ७. आधी एकट्याने लिहू द्यावे, भाषेची सक्ती नंतर

गटकार्यात एकजण राबतो आणि चारजण नाव लावतात, ही तक्रार सर्वत्र आहे. उपाय साधा आहे: प्रत्येकाने आधी दहा मिनिटे एकट्याने टिपण लिहावे, मग गटात चर्चा व्हावी, आणि चर्चेनंतर 'माझे मत कुठे बदलले आणि कोणाच्या कोणत्या मुद्द्यामुळे' हे पुन्हा एकट्याने लिहावे. गुण या दुसऱ्या टिपणाला द्यावेत.

भाषेचा प्रश्न गोव्यात विशेष आहे. अनेक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठी किंवा कोकणीतून झालेले असते, माध्यमिक शाळेपासून इंग्रजी सुरू होते आणि पदवीची पुस्तके इंग्रजीतच असतात. चर्चेत जो मुलगा कोकणीतून तीन कारणे झपाझप जोडतो, तोच इंग्रजीत लिहिताना एका कारणावर थांबतो, कारण जोडणीची वाक्ये त्याला इंग्रजीत सुचत नाहीत. पहिले टिपण आणि चार्ट मराठी-कोकणीत होऊ द्यावे. त्यानंतर इंग्रजी लेखनासाठी 'त्यामुळे', 'असे असले तरी', 'या अटीवर', 'जोपर्यंत' यांना तिथे काय म्हणतात याची छोटी तक्ता-पट्टी वहीत चिकटवून द्यावी. हे शाळकरी वाटेल. पण उपयोग होतो.

चॅटजीपीटीसारखी साधने मुले वापरणारच. या साधनांचे उत्तर बहुधा दोन्ही बाजू गुळगुळीत मांडणारे आणि निर्णय टाळणारे असते. तेच छापून वर्गात वाटावे आणि प्रत्येक विधानासमोर 'पुरावा काय?' असे लिहायला सांगावे. नुसत्या बंदीपेक्षा हे परिणामकारक ठरते.

## ८. गुणदानाचा तक्ता प्रश्नासोबतच द्यावा

वीस गुणांच्या लेखनासाठी मी चार ओळींचा तक्ता सुचवेन, प्रत्येकी पाच गुण. पहिली ओळ जोडणीची: कारणे नुसती नोंदवली आहेत की एकाचा दुसऱ्यावरचा परिणाम दाखवला आहे. दुसरी पुराव्याची: आकडा कुठून आला, आणि तो कशासाठी पुरेसा नाही हे लिहिले आहे का. तिसरी बाजूंची: निर्णयाचा भार ज्याच्यावर पडतो त्याचे म्हणणे त्यालाही पटेल अशा शब्दांत मांडले आहे का. चौथी निर्णयाची: स्पष्ट निर्णय, अटी, आणि तो कधी बदलावा लागेल याची खूण. पाचपैकी दोन मिळवणारे आणि पाच मिळवणारे अशी दोन नमुना उत्तरे आधीच दाखवावीत, नाहीतर तक्त्यातले शब्द प्रत्येकजण आपल्या सोयीने वाचतो.

या टप्प्यावर विरोध होतो. 'सर, उत्तर काय ते सांगा ना' किंवा 'मॅडम, परीक्षेत हे येणार आहे का?' असे हमखास ऐकू येते. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून विल्यम पेरी यांनी १९७० मध्ये जे मांडले, ते इथे धीर देते: विद्यार्थी आधी प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर आहे असे मानतात, ते डळमळले की 'ज्याचे त्याचे मत' या टोकाला जातात, आणि काहीजण त्यानंतर, कारणांच्या बळावर मतांत डावे-उजवे करता येते, इथवर पोहोचतात. मधली अवस्था शिक्षकाला फसवते. वर्ग मोकळेपणाने बोलू लागलेला असतो, सगळ्यांची मते ऐकली जातात, आणि आपल्याला वाटते की काम झाले. तिथेच तक्त्यातली दुसरी ओळ कठोरपणे लावावी आणि पुराव्याविना दिलेल्या मताला, ते आपल्याला कितीही पटत असले तरी, दोनांपेक्षा जास्त गुण देऊ नयेत.

साठ-सत्तरांच्या वर्गात हे तपासणे जड जाते, यात शंका नाही. प्रत्येक पायरीला गुण ठेवू नयेत. सत्रात अशी दोनच लेखने तपासावीत, दोन्ही एका पानाची. पहिल्यावर गुणांसोबत एकच वाक्य लिहावे, आणि तेही प्रश्नाच्या रूपात. दुसरे लेखन जमा करताना त्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे की नाही, हे पाहावे.

## ९. सत्र संपल्यावर

दुसऱ्या पायरीतला मासळीचा प्रश्न, तोच, शेवटच्या आठवड्यात पुन्हा लिहायला द्यावा आणि दोन्ही कागद एकत्र टाचून ज्याचे त्याला परत करावेत. तिन्ही ढिगांची संख्या दोन्ही वेळची नोंदवून विभागाच्या फायलीत ठेवावी. मूल्यांकन समितीपुढे अध्ययन-निष्पत्तींचा पुरावा म्हणून ती थेट वापरता येते. कात्रणांच्या पाकिटावर तारीख घालावी. खाणींचा प्रश्न एका तुकडीला दिला की पुढच्या तुकडीपर्यंत त्याची उत्तरे फिरतात, म्हणून पुढच्या वर्षासाठी दुसरा विषय आताच जमवायला घ्यावा: मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणे सुरू झाली, तेव्हा दाबोळीच्या जुन्या विमानतळाच्या आसपास लॉज, टॅक्सी किंवा खानावळ चालवणाऱ्याने कोणता निर्णय कधी घ्यायला हवा होता, याची कात्रणे अजून सहज मिळतात.